पेशीतील संकेतांचा बिघाड आणि कर्करोग : एका संकल्पनेचा इतिहास (१९११ ते २०१३)

प्रस्तावना

कर्करोग हा मानवाला ज्ञात असलेल्या प्राचीन रोगांपैकी एक होय. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ या नावाने गाठींचे वर्णन आढळते. ग्रीक वैद्यांनी गाठीभोवती पसरलेल्या शिरा पाहून या रोगास खेकड्याचे नाव दिले आणि तेच नाव पुढे लॅटिनमधून युरोपीय भाषांत रूढ झाले. मराठीतील ‘कर्करोग’ हा शब्दही तोच अर्थ वागवतो. नाव प्राचीन असले तरी या रोगाच्या कारणाविषयीची आजची समज मात्र अत्यंत अर्वाचीन आहे. ‘पेशीला वाढण्याचा, विभागण्याचा वा थांबण्याचा आदेश देणाऱ्या संकेतयंत्रणेतील बिघाड म्हणजे कर्करोगाचे एक मूलभूत कारण’ हे विधान आज पदवीच्या पाठ्यपुस्तकात सहजपणे वाचावयास मिळते. १९७० सालापूर्वी मात्र असे विधान कोणी केले असते तर त्यास पुराव्याचा आधार देता आला नसता.

ही समज एका प्रयोगशाळेत, एका शास्त्रज्ञाच्या हातून निर्माण झाली नाही. कोंबड्यांमधील विषाणू, रक्तपेशींतील गुणसूत्रे आणि यकृत-स्नायूंतील साखरेचे चयापचय या तीन परस्परांशी संबंध नसलेल्या विषयांचा अभ्यास करणारे संशोधक अनेक दशके आपापल्या वाटेने जात होते. या वाटा १९८० च्या सुमारास एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. त्यांपैकी बहुतेक संशोधन ज्या काळी झाले त्या काळी त्याचा रुग्णाला काही उपयोग होईल असे कोणालाही सांगता आले नसते. प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन याच मुद्द्यावर आधारलेले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) कर्करोग हा पेशीसंकेतांचा बिघाड आहे ही संकल्पना कोणत्या टप्प्यांतून विकसित झाली याचा कालानुक्रमे आढावा घेणे. २) या विकासात भिन्न विद्याशाखांनी दिलेले योगदान स्पष्ट करणे. ३) या ज्ञानाचे औषधात रूपांतर होणे व ते औषध भारतीय रुग्णापर्यंत पोहोचणे, या प्रक्रियांचे विवेचन करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. दीर्घकालीन मज्जारक्तकर्क, म्हणजे अस्थिमज्जेत उगम पावणारा रक्ताचा एक कर्करोग, हे उदाहरण विवेचनाच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. एका संकेतातील बिघाड, त्यातून उद्भवणारा रोग आणि त्या बिघाडावरचा नेमका उपाय ही साखळी या उदाहरणात सर्वाधिक स्पष्टपणे दिसून येते.

पूर्वपीठिका : पित्तापासून पेशीपर्यंत

शरीरातील काळ्या पित्ताचा प्रकोप हे कर्करोगाचे कारण होय, हे गेलन याचे मत युरोपात सुमारे दीड हजार वर्षे प्रमाण मानले गेले. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाचा वापर वाढला आणि या मताचा पाया ढासळला. योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये अर्बुदे पेशींचीच बनलेली असतात हे दाखविले. रुडॉल्फ फिरखो यांनी १८५८ च्या सुमारास प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच निर्माण होते हा सिद्धांत दृढ केला. याचा अर्थ असा की कर्करोगाची पेशी ही बाहेरून आलेली परकी वस्तू नसून शरीराच्याच पेशींची वंशज होय.

पेशी शरीराचीच असेल तर ती बिघडते कशी, हा प्रश्न यापुढे महत्त्वाचा ठरला. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री साळूच्या अंड्यांवरील आपल्या प्रयोगांच्या आधारे १९१४ मध्ये असे मत मांडले की, गुणसूत्रांच्या वाटणीतील गफलत हेच कर्करोगाचे मूळ असावे. पेशींची वाढ घडविणारे आणि वाढ रोखणारे असे दोन्ही प्रकारचे घटक गुणसूत्रांवर असतील, अशीही कल्पना त्यांनी केली. पुढील काळात ती जवळजवळ तंतोतंत खरी ठरली. परंतु त्या काळी मानवी गुणसूत्रांची अचूक संख्याही निश्चित झालेली नव्हती. ती संख्या ४६ असल्याचे १९५६ मध्ये सिद्ध झाले. परिणामी बोव्हेरी यांचे मत दीर्घकाळ केवळ तर्क म्हणून राहिले.

पेटन राउस आणि एक आजारी कोंबडी

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत पेटन राउस हे तरुण विकृतिशास्त्रज्ञ कार्यरत असताना १९०९ मध्ये प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी त्यांच्याकडे आणण्यात आली. तिच्या अंगावर मोठी गाठ होती. राउस यांनी ती गाठ वाटून तिचा अर्क अत्यंत सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळला. या गाळणीतून पेशी वा जिवाणू पार होणे शक्य नव्हते. तरीही हा अर्क टोचलेल्या निरोगी कोंबड्यांना तशीच गाठ आली. हे निष्कर्ष १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी १९०८ मध्ये डेन्मार्कमधील एलरमान व बांग यांनी कोंबड्यांचा रक्तकर्क अशाच प्रकारे संक्रमित होतो हे दाखविले होते. मात्र रक्तकर्काची गणना त्या काळी कर्करोगात होत नसल्यामुळे त्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते.

राउस यांच्या शोधाचे स्वागत थंडपणे झाले. कर्करोग हा संसर्गजन्य नाही हा वैद्यांचा रोजचा अनुभव होता. शिवाय कोंबडीच्या रोगावरून माणसाच्या रोगाविषयी अनुमान काढणे अनेकांना पटणारे नव्हते. स्वतः राउस यांनीही काही वर्षांत हा विषय बाजूला ठेवला आणि रक्त साठवून ठेवण्याच्या पद्धतीवर महत्त्वाचे काम केले. अर्बुदांच्या संशोधनाकडे ते पुन्हा वळले ते १९३० च्या दशकात, सशांमधील विषाणुजन्य अर्बुदांच्या निमित्ताने. १९११ च्या त्या निबंधाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले १९६६ मध्ये, म्हणजे ५५ वर्षांनंतर. तेव्हा त्यांचे वय ८७ वर्षांचे होते.

येथे एक बाब आवर्जून नोंदविण्यासारखी आहे. नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात राउस यांनी, शरीरपेशींच्या जनुकांतील बदलांमुळे कर्करोग होतो हे मत ठामपणे नाकारले. त्यांच्याच विषाणूने अवघ्या दहा वर्षांत नेमके उलट सिद्ध केले. आपल्या शोधाचा अंतिम अर्थ संशोधकालाही ठाऊक असतोच असे नाही, हे यावरून दिसून येते.

विषाणूकडून पेशीच्या जनुकाकडे

राउस यांच्या विषाणूला १९५८ मध्ये नवे महत्त्व प्राप्त झाले. हॉवर्ड टेमिन व हॅरी रुबिन यांनी काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर या विषाणूचा परिणाम मोजण्याची पद्धत विकसित केली. जिवंत कोंबडीऐवजी काचपात्रात, महिन्यांऐवजी दिवसांत, पेशीचे कर्कपेशीत होणारे रूपांतर पाहता येऊ लागले. १९७० मध्ये टेमिन व सातोशी मिझुतानी यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, या गटातील विषाणू आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करून तो पेशीच्या डीएनएत मिसळू शकतात, यामागील विकर शोधून काढले. त्याच वर्षी स्टीव्हन मार्टिन यांनी या विषाणूचे एक उष्णतासंवेदी उत्परिवर्तित रूप वेगळे केले. ठरावीक तापमानाच्या वर त्याची कर्कजनक क्षमता नाहीशी होई, मात्र त्याची स्वतःची वाढ अबाधित राही. विषाणूच्या प्रजननाशी संबंध नसलेले एक वेगळे जनुक पेशीला कर्कपेशी बनविते, असा याचा अर्थ होता. सार्कोमा या अर्बुदप्रकारावरून त्या जनुकास ‘सार्क’ हे नाव मिळाले.

विषाणूला ज्याचा स्वतःसाठी काहीच उपयोग नाही असे जनुक त्याच्याजवळ आले कोठून, या प्रश्नाचे उत्तर १९७६ मध्ये मिळाले. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल बिशप व हॅरोल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत डॉमिनिक स्टेहेलिन यांनी पीटर व्होग्ट यांच्या सहकार्याने या जनुकाचा किरणोत्सारी शोधक तयार केला. निरोगी कोंबडीच्या डीएनएत हा शोधक आपल्या जोडीदाराला जाऊन चिकटला. लावा, टर्की, बदक आणि इमू या पक्ष्यांतही त्याच्याशी साम्य असलेले जनुक आढळले. पुढे सस्तन प्राण्यांत आणि माणसातही ते सापडले.

या शोधाने संपूर्ण प्रश्नच उलटा केला. सार्क हे जनुक विषाणूचे नव्हते. ते पेशीचेच होते आणि विषाणूने केव्हातरी ते उचलून नेले होते. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत ते टिकून राहिले याचा अर्थ निरोगी पेशीला त्याची गरज होती. कर्करोगाचे बीज बाहेरून पडत नसून ते प्रत्येक पेशीत आवश्यक कामे करीत असते आणि त्यात बिघाड झाल्यावरच ते घातक ठरते, ही जाणीव येथून दृढ झाली. बिशप व व्हार्मस यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. स्टेहेलिन यांनी आपणास वगळल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. श्रेयाचा हा वाद विज्ञानाच्या इतिहासात अपवादात्मक नाही. प्रयोग करणारे हात आणि प्रश्न मांडणारी बुद्धी यांतील श्रेयविभागणीचा पेच त्यातून पुढे येतो.

जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र प्रवाह

निरोगी पेशीत हे जनुक नेमके काय काम करते, याचे उत्तर विषाणुशास्त्रात नव्हते. ते जीवरसायनशास्त्राच्या स्वतंत्र प्रवाहात तयार होत होते. १९५० च्या दशकाच्या मध्यास वॉशिंग्टन विद्यापीठात एडविन क्रेब्स व एडमंड फिशर हे स्नायूंमध्ये साठविलेली साखर गरजेच्या वेळी कशी मोकळी होते याचा अभ्यास करीत होते. त्यांना असे आढळले की, त्यासाठी लागणाऱ्या विकरावर फॉस्फेटचा गट बसविला की ते कार्यरत होते आणि तो काढून घेतला की थांबते. फॉस्फेट बसविण्याचे काम करणाऱ्या विकरास ‘किनेज’ असे म्हणतात. याच काळात अर्ल सदरलँड यांनी, संप्रेरक पेशीच्या आत न शिरताच पेशीत एक दुय्यम संदेशवाहक रेणू निर्माण करवून आपला आदेश पोहोचवितो, हे दाखवून दिले. सदरलँड यांना १९७१ मध्ये, तर क्रेब्स व फिशर यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरे योगदान स्टॅन्ली कोहेन यांचे होय. नवजात उंदरांना एका ग्रंथीचा अर्क टोचल्यास त्यांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडतात, या किरकोळ वाटणाऱ्या निरीक्षणाचा पाठपुरावा करून त्यांनी १९६२ मध्ये त्वचापेशींची वाढ घडविणारा वृद्धिघटक वेगळा केला. त्यांना व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या संशोधनांतून संकेतवहनाचे जे चित्र उभे राहिले ते थोडक्यात असे : वृद्धिघटक पेशीपटलावरील ग्राही प्रथिनास जोडला जातो. ग्राहीचा पेशीच्या आतील भाग त्यामुळे कार्यरत होतो. तेथून एका प्रथिनाकडून दुसऱ्या प्रथिनाकडे, बहुधा फॉस्फेट बसविण्याच्या क्रियेने, संकेत पुढे जातो आणि अखेरीस केंद्रकात पोहोचून विभाजनाशी संबंधित जनुके जागी करतो. काम झाल्यावर फॉस्फेट काढले जाते आणि संकेत थांबतो. हे थांबणे सुरू होण्याइतकेच आवश्यक असते. मात्र १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या यंत्रणेचा कर्करोगाशी थेट संबंध जोडलेला नव्हता.

प्रवाहांचा संगम : टायरोसिनचा शोध

जोन ब्रुगे व रेमंड एरिकसन यांनी १९७७ मध्ये सार्क जनुकापासून बनणारे प्रथिन ओळखले. पुढील वर्षी मार्क कोलेट व एरिकसन यांनी हे प्रथिन किनेज असल्याचे दाखविले. अशा रीतीने कोंबडीचा विषाणू आणि स्नायूतील साखर यांचे अभ्यासक प्रथमच एका प्रश्नावर एकत्र आले.

तोपर्यंत ज्ञात असलेली किनेजे प्रथिनातील सेरीन व थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसवीत. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत टोनी हंटर हे १९७९ मध्ये उंदरातील एका कर्कजनक विषाणूच्या प्रथिनाची तपासणी करीत होते. या तपासणीसाठी वापरावयाचे द्रावण ताजे न बनविता त्यांनी जुनेच वापरले. साठवणीत त्याची आम्लता थोडी वाढली होती. या किंचित फरकामुळे एरवी थ्रिओनिनसोबत एकाच जागी येणारा एक ठिपका त्यापासून वेगळा झाला. तो टायरोसिन या तिसऱ्या अमिनो आम्लाचा होता. सार्कचे प्रथिनही टायरोसिनवरच काम करते हे हंटर व बार्थोलोम्यू सेफ्टन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. निरोगी पेशीत फॉस्फेट बसविलेल्या अमिनो आम्लांमध्ये टायरोसिनचा वाटा केवळ ०.०३ टक्के इतका असतो. राउसच्या विषाणूने बाधित पेशीत तो सुमारे दहापट वाढतो. त्याच सुमारास कोहेन यांच्या वृद्धिघटकाचा ग्राहीदेखील टायरोसिनवर काम करणारे किनेज असल्याचे स्पष्ट झाले.

सार्कमधील बिघाडाचे स्वरूपही पुढे उलगडले. निरोगी सार्क प्रथिनाच्या शेपटाकडील एका टायरोसिनवर फॉस्फेट असते. त्यामुळे ते शेपूट प्रथिनाच्याच अंगावर दुमडून बसते आणि किनेज कुलूपबंद राहते. विषाणूने उचललेल्या प्रतीत हा शेपटाचा भागच नसतो. परिणामी किनेज सदैव चालू राहते. कोणी घंटा न वाजविताच ती अखंड वाजत राहावी, अशी पेशीची अवस्था होते.

विषाणूचा संबंध नसलेल्या मानवी कर्करोगांतही हेच तत्त्व लागू पडते काय, ही शंका १९८२ ते १९८४ या काळात फिटली. मानवी मूत्राशयाच्या कर्कपेशींतील रास या जनुकात केवळ एका अक्षराचा बदल आढळला. या बदलामुळे प्रथिनातील बाराव्या स्थानी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन येते आणि रास प्रथिन स्वतःला बंद करू शकत नाही. अन्य एका कर्कजनुकाचे वृद्धिघटकाशी, तर दुसऱ्या एकाचे वृद्धिघटकाच्या ग्राहीशी निकटचे साम्य असल्याचे दिसून आले. तात्पर्य, संकेतमार्गाच्या प्रत्येक पायरीवर बिघाड संभवतो हे सिद्ध झाले. वाढ रोखणाऱ्या जनुकांचा लोप ही याच चित्राची दुसरी बाजू होय. डोळ्यातील पडद्याच्या कर्करोगावरून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये ती तर्काने मांडली होती आणि १९८६ मध्ये संबंधित जनुक हाती आल्यावर तिला पुष्टी मिळाली. बोव्हेरी यांची १९१४ मधील दोन्ही अनुमाने अशा प्रकारे खरी ठरली.

फिलाडेल्फिया गुणसूत्र

तिसरा प्रवाह गुणसूत्रांच्या अभ्यासाचा होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पीटर नॉवेल हे रक्तकर्काच्या पेशी काचपट्टीवर नळाच्या पाण्याने धूत असत. त्यामुळे पेशी फुगून गुणसूत्रे सुटी दिसू लागली. डेव्हिड हंगरफोर्ड यांच्या समवेत केलेल्या तपासणीत त्यांना दीर्घकालीन मज्जारक्तकर्काच्या रुग्णांमध्ये एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधावरून त्यास ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव मिळाले. एका विशिष्ट कर्करोगाशी सातत्याने निगडित असलेला हा पहिला गुणसूत्रदोष होय.

गुणसूत्राचा हरवलेला तुकडा नष्ट झाला असावा असा समज होता. शिकागो विद्यापीठातील जॅनेट रावली यांनी नव्या रंजनपद्धतींचा वापर करून १९७३ मध्ये तो दूर केला. चार मुलांचे संगोपन करीत त्यांनी अनेक वर्षे अर्धवेळ संशोधन केले होते. गुणसूत्रांची छायाचित्रे कापून ती घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या तुलना करीत. बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्याला जोडला गेलेला आहे हे त्यांच्या लक्षात आले. दोन गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेली होती.

या अदलाबदलीत कोणते जनुक हलले याचा उलगडा १९८२ पासून झाला. नवव्या गुणसूत्रावरील एबल हे जनुक बाविसाव्यावर येऊन बीसीआर या जनुकाला जोडले जाते. एबल हेही मुळात उंदरातील एका कर्कजनक विषाणूमुळे ओळखले गेलेले जनुक होते आणि त्याचे प्रथिन टायरोसिन किनेज असल्याचे १९८० मध्येच समजले होते. जोडजनुकापासून जे संमिश्र प्रथिन बनते त्यात एबलला आवर घालणारा भाग निकामी होतो. ही प्रथिने एकत्र येऊन परस्परांवर फॉस्फेट बसवितात आणि वाढीचा संकेत अखंड देत राहतात. हे जोडजनुक उंदरांच्या मज्जापेशींत घातल्यास तसाच रोग होतो हे जॉर्ज डेली, रिचर्ड व्हॅन एटन व बाल्टिमोर यांनी १९९० मध्ये दाखविले आणि कार्यकारणभाव निश्चित झाला. विषाणू, गुणसूत्र आणि किनेज हे तिन्ही प्रवाह येथे एकाच प्रथिनात येऊन मिळाले.

संकेत थांबविणारे औषध

सतत चालू असलेले किनेज हेच रोगाचे कारण असेल तर ते बंद करणारा रेणू हे त्याचे औषध ठरावे, हा तर्क सरळ होता. परंतु मानवी पेशीत ५०० हून अधिक किनेजे असतात. ती सर्वच ऊर्जेसाठी एटीपी हा एकच रेणू वापरतात. त्यामुळे एकच किनेज रोखून इतरांना धक्का न लावणे अशक्य आहे असे अनेकांना वाटत होते. बाझेल येथील सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रेणू तयार केले. ओरेगन येथील रक्तरोगतज्ज्ञ ब्रायन ड्रकर यांनी ते रक्तकर्काच्या पेशींवर तपासले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी एक रेणू संमिश्र प्रथिन असलेल्या पेशींना रोखत होता आणि निरोगी पेशींना फारसा अपाय करीत नव्हता. हाच पुढे ‘इमॅटिनिब’ म्हणून प्रसिद्ध झाला.

मानवी चाचण्या जून १९९८ मध्ये सुरू झाल्या. जुन्या उपचारांना दाद न देणाऱ्या आणि ३०० मिलिग्रॅम वा अधिक दैनिक मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. अमेरिकेत १० मे २००१ रोजी या औषधास मान्यता मिळाली. पुढील मोठ्या चाचणीत इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्या रुग्णांचे दहा वर्षांनंतरचे अनुमानित जीवितप्रमाण ८३.३ टक्के आढळले. काही वर्षांतच प्राणघातक ठरणारा रोग रोजच्या गोळीवर आटोक्यात ठेवता येऊ लागला. राउस यांच्या १९११ मधील निबंधापासून या गोळीपर्यंत ९० वर्षांचा कालावधी लागला होता.

भारतीय संदर्भ

या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला संबंध विषाणुसंशोधनाच्या काळातील आहे. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली विकृतिशास्त्राचे संशोधन उभे राहिले आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. पुण्यात जन्मलेल्या व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ऊतिसंवर्धनाचे प्रशिक्षण घेतले आणि परतल्यावर या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. उंदरांतील स्तनांच्या कर्करोगात संप्रेरके, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा परस्परसंबंध काय, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. संप्रेरक म्हणजे पेशीला बाहेरून येणारा संकेतच होय. त्या दृष्टीने जागतिक संशोधनातील हाच प्रश्न मुंबईतही समांतरपणे हाताळला जात होता. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण सन्मान प्राप्त झाला.

दुसरा संबंध औषधाच्या किमतीचा आहे. सिबा-गायगी व सँडोज यांच्या विलीनीकरणातून निर्माण झालेल्या नोव्हार्टिस कंपनीने १९९८ मध्ये इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी भारतात एकस्वाचा अर्ज केला. त्यास विरोध करणाऱ्यांत काही भारतीय औषधकंपन्यांबरोबर मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णसाहाय्य संस्थाही होती. कंपनीच्या औषधाचा मासिक खर्च सुमारे १,२०,००० रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या औषधाचा सुमारे ८,००० ते १०,००० रुपये असल्याचे त्या काळी सांगितले जात होते. आपण बहुसंख्य रुग्णांना हे औषध मोफत देतो, अशी कंपनीची बाजू होती. चेन्नई येथील एकस्व कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला. अखेरीस १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील नामंजूर केले. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपास एकस्व हवे असेल तर त्याची उपचारक्षमता वाढल्याचे दाखविले पाहिजे, असा एकस्व कायद्याच्या कलम ३(ड) चा अर्थ न्यायालयाने लावला.

या निकालाविषयी मतभेद आहेत. नवसंशोधनास लागणारा खर्च कोणी सोसावा, हा कंपन्यांचा प्रश्न गैरलागू म्हणता येत नाही. तथापि या औषधामागील ज्ञानाचा बहुतांश भाग विद्यापीठांत व सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळांत निर्माण झालेला होता, हे प्रस्तुत इतिहासावरून स्पष्ट होते. किमतीच्या चर्चेत ही वस्तुस्थिती लक्षात घेणे आवश्यक आहे.

संकल्पनेच्या मर्यादा

दीर्घकालीन मज्जारक्तकर्काचे यश सर्व कर्करोगांना जसेच्या तसे लागू पडत नाही. या रोगात सुरुवातीस एकच प्रमुख बिघाड असतो. फुप्फुस, स्तन वा तोंडाच्या कर्करोगात अनेक बिघाड एकत्र नांदतात. एक मार्ग रोखला की पेशी दुसरा मार्ग शोधते. इमॅटिनिबलाही न जुमानणाऱ्या पेशी २००१ मध्येच आढळल्या. संबंधित प्रथिनात बदल होऊन औषधाला तेथे जागाच उरत नव्हती. त्यामुळे दासॅटिनिब, निलोटिनिब आणि पुढे पोनॅटिनिब ही औषधे विकसित करावी लागली. रासमधील दोष १९८२ मध्ये ज्ञात झाला, परंतु त्याच्या एका रूपावर थेट काम करणाऱ्या पहिल्या औषधास अमेरिकेत मान्यता मिळण्यास २०२१ साल उजाडावे लागले. ज्या सार्कपासून हा इतिहास सुरू झाला त्या जनुकातील उत्परिवर्तन मानवी कर्करोगांत क्वचितच आढळते. म्हणजे ज्या उदाहरणाने तत्त्व शिकविले ते उदाहरण रोगाचे प्रमुख कारण नव्हते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कर्करोग हा बाहेरून आलेला शत्रू नसून पेशीच्या स्वतःच्या संकेतयंत्रणेतील बिघाड आहे, ही समज प्रामुख्याने १९७६ ते १९८४ या काळात सिद्ध झाली. तिची बीजे मात्र १९११ व १९१४ मध्येच पडलेली होती.

२) या समजेचा विकास विषाणुशास्त्र, जीवरसायनशास्त्र व गुणसूत्रविज्ञान या तीन स्वतंत्र शाखांच्या संगमातून झाला. कोणतीही एक शाखा एकटीने या निष्कर्षाप्रत पोहोचू शकली नसती.

३) यांतील निर्णायक निरीक्षणे कोंबडीची गाठ, उंदराच्या पिलाचे डोळे आणि स्नायूतील साखर अशा विषयांतून आली. त्या वेळी त्यांची उपयुक्तता सिद्ध करणे शक्य नव्हते. संशोधनप्रस्तावात अपेक्षित लाभाचा रकाना भरणे सक्तीचे झालेल्या काळात ही बाब महाविद्यालयीन अध्यापक व संशोधकांनी विशेषत्वाने ध्यानात घ्यावयास हवी.

४) ज्ञानाचे औषध होणे आणि औषध रुग्णाला परवडणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी प्रयोगशाळेत चढली गेली, तर दुसरीसाठी कायदा, न्यायालय आणि मुंबईतील एका रुग्णसंस्थेची चिकाटी यांची गरज भासली.

विज्ञानाचा इतिहास शिकविताना अनेकदा केवळ शोध व पारितोषिके यांची यादी दिली जाते. राउस यांची ५५ वर्षांची प्रतीक्षा, हंटर यांचे जुने द्रावण आणि रावली यांचे जेवणाचे टेबल या बाबी त्या यादीत बसत नाहीत. विद्यार्थ्यांपुढे त्या ठेवल्या गेल्यास ज्ञान कसे घडते याचे अधिक यथार्थ चित्र त्यांना लाभेल.